नवीन खंड

मे महिन्यात दौलतगंजात दुपारी दोनला
फक्त कूलर बोलतो.
बाकी सगळं लश्कर लूच्या स्वाधीन.

मुकुंद म्हणाला, ताई, मला थोडी जागा दे.
घरात नको, तुझ्या कॉम्प्युटरात.
त्याला तिथे दुसरी सिस्टिम घालायची होती,
फुकटातली, पेंग्विनवाली,
आणि माझ्या लग्नपत्रिका, तेराव्याची कार्डं,
लोकांचे थिसिस, यांच्याशी
काहीएक संबंध न ठेवता राहायचं होतं.

तोमरला फोन लावला.
"बँटवारा करना है?" तो म्हणाला,
इतक्या मोठ्यानं, की बाबांनी पेपर खाली घेतला.
हार्ड डिस्कचा, मी म्हटलं. पेपर वर गेला.

मग पुन्हा खाली आला.
बिलावर पाचशे जीबी लिहिलेत.
इथे चारशे पासष्ट दिसतात.
पस्तीस कुठे गेले?
एजी ऑफिसात चौतीस वर्षं काढलेला माणूस.
मी सांगितलं, कंपनी हजारानं मोजते,
मशीन एक हजार चोवीसनं.
त्यांना ते उत्तर वाटलं नाही,
खुलासा वाटला.
नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

खरी अडचण पुढेच होती.
तीनशे जीबी रिकामे,
आणि मशीन म्हणे, अकराच देता येतील.
तोमर म्हणाला, पार टोकाला
एखादी फाइल बसली असणार, न हलणारी.
असेल चिमूटभर.
पण तिच्या अलीकडे रेघ मारता येत नाही.

कोणती, ते मशीन सांगेना.
मी मनातल्या मनात सगळं हिंडून आले.
'अंतिम', 'अंतिम दोन', 'अंतिम खरी',
गुप्ता मास्तरांचा अर्धवट कवितासंग्रह, ज्याचे पैसे आले नाहीत,
आणि एक पत्रिका, फक्त माझ्याचसाठी जुळवलेली,
छापायची राहिलेली.
ती तर मी कधीच पुसली होती.
"दीदी, सिस्टम की होगी," तोमर म्हणाला,
"आपकी नहीं."

त्यानं सांगितली ती दोनतीन कुलपं काढली,
बंद करून चालू केलं,
आणि रेघ सरकली. माऊसनं. नखाएवढ्या जोरानं.
इकडे माझं, तिकडे त्याचं.

अडतीस टक्क्यांवर लाइट गेली.

कूलर थांबला, आणि कळलं
तो किती मोठ्यानं बोलत होता.
यूपीएस पिपाणीसारखा ओरडायला लागला.
बॅटरी चार वर्षांची, दहा मिनिटं टिकली तर टिकली.
तोमर फोनवर सांगत होता, हात मत लगाना.
कोण लावतंय.
बॅकअप घेतला होतास ना, मुकुंदनं विचारलं.
मी त्याच्याकडे बघितलं.
तो घेणार होता.

सत्तेचाळीस. बावन्न. बावन्न. बावन्न.
बाबा उठले.
हातातल्या पेपराची घडी घातली,
आणि खाली वाकून
सीपीयूला वारा घालायला लागले.
कोणी हसलं नाही.
मी ओढणीनं मॉनिटरमागचा घाम पुसला, माझाच होता.
सत्तर. त्र्याऐंशी.
एक्क्याण्णवला पिपाणीचा सूर सलग झाला,
मुकुंदनं डोळे मिटले,
आणि मग कूलर खाकरला.

नव्या भागाला मशीननं आपणहून नाव दिलं: नवीन खंड.
आमच्या घरी खंड म्हणजे कोशाचा,
कपाटातला, सातवा हरवलेला.
किंवा आजोबांकडे कूळ आणून द्यायचं तो.
नाहीतर माझ्या रियाजात पडला तो,
आठ वर्षांचा आहे.
हा चौथा. दीडशे जीबी. पांढराशुभ्र.
मुकुंदनं उघडला, बंद केला,
पुन्हा उघडला. आत काहीच नव्हतं,
तरी बघत बसला.

बाबा चष्मा पुसत त्याच्या मागे आले.
रिकामा आहे म्हणतोस,
मग हे नव्वद एमबी भरलेले कसले?

मुकुंद म्हणाला, ते आपोआप जातात, बाबा.
हिशेब ठेवायला.

बाबा बराच वेळ तसेच उभे राहिले.
मग म्हणाले, हां. तेवढे लागतातच.